मधले दोन पाइप

मंगळवार, सकाळी सव्वानऊ. जागा: पोलीस ठाण्याचे मागचे आवार, कडुनिंबाजवळ.

हजर: मी, सहायक पोलीस निरीक्षक, तपासी अधिकारी. जिल्हा मुख्यालयाच्या मोटार परिवहन विभागातले मेकॅनिक हवालदार. ठाण्याचा मुद्देमाल सांभाळणारे हवालदार. एक महिला शिपाई. दोन पंच, एक बियाण्यांचे दुकानदार, दुसरे निवृत्त शिक्षक. आणि जप्त केलेली एक डिझेल जीप, तोंड भिंतीकडे करून उभी.

गैरहजर: ठाण्याचे प्रभारी निरीक्षक. बोलावले होते. आले नाहीत.

ती घटना आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत, वही उघडली की पुरते. नोकरीभर मी याद्या केल्या आणि सहकाऱ्यांनी त्यांची थट्टा केली. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा निरोपाच्या भाषणात एकाने, "मॅडम स्वर्गात गेल्या तरी दारावर हजेरी घेतील," असे सांगून टाळ्या मिळवल्या. घेईन. पण या गुन्ह्यात जो माणूस सुटला तो याद्यांमुळे सुटला आणि ज्यांची अडचण झाली त्यांचीही याद्यांमुळेच झाली. ठाण्याचे किंवा कोणाचेही नाव लिहीत नाही. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमचे ठाणे होते, एवढे पुरे.

गुन्हा असा होता. डोंगरात जाणारी एक प्रवासी जीप घाटाच्या चढावर मागे घसरली. एक बाई मेली, सात जण जखमी झाले. अपघाताच्या पाचच दिवस आधी जीपच्या इंजिनाचे हेड उतरवून दुरुस्त केले होते. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, चारही सिलिंडरचे झाकण म्हणा. मालकाने फिर्याद दिली की मेकॅनिकने काम बिघडवले, इंजिन चढावर 'मिसिंग' मारू लागले, म्हणजे अडखळत चालू लागले, बंद पडले आणि गाडी मागे गेली. मेकॅनिकला त्याच दिवशी अटक झाली. नुसता निष्काळजीपणा लावला असता तर जामीन लगेच मिळाला असता, म्हणून वरून फोन आला आणि सदोष मनुष्यवधाचे कलम चढले. फोन कोणी केला ते सगळ्या ठाण्याला माहीत होते. मालकाच्या सहा जीपा होत्या आणि निवडणुकीच्या दिवसांत त्या सहाही एकाच माणसासाठी धावत.

पहिल्या तपासी अधिकाऱ्यांची बदली झाली आणि कागद माझ्याकडे आले. निरीक्षक साहेब म्हणाले, "काही उरलेलं नाही यात. दोषारोपपत्र टाइप करून घ्या आणि सही करा."

मी कागद घरी नेले आणि वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे काय म्हटले आहे, उजवीकडे ते कशावरून.

डावा रकाना भरला. उजव्या रकान्यात मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल हीच एक भक्कम गोष्ट होती. अपघातानंतर अकराव्या दिवशी त्यांनी आमच्या आवारात गाडी तपासली होती. अहवालात होते: इंजिन खडबडत चालते, पांढरा धूर सोडते, दोन व तीन क्रमांकाचे सिलिंडर काम करीत नाहीत, हेडखालची पॅकिंग या दोघांच्या मध्ये फुटली असावी. इंजिनाच्या या अवस्थेमुळे ब्रेकची चाचणी घेता आली नाही.

बाकीचे जबाब होते. सात जखमींचे सात जबाब, सगळ्यांत एकच वाक्य: 'अचानक इंजिनाने मिसिंग मारल्याने वाहन मागे आले.' ही सातही माणसे डोंगरातल्या गावांची. घरी पावरी बोलणारी, मराठी बाजारापुरती. शेळीला किती घेणार, एवढे मराठीत विचारायला संकोचणाऱ्या आजीबाईने 'मिसिंग' म्हटले आणि तेही इतर सहा जणांच्याच चालीत, यावर माझा विश्वास बसेना. सात तोंडांतून एकच वाक्य येत असेल, तर ते लिहिणाऱ्याच्या पेनातले असते.

आणखी एक साधा प्रश्न होता, तो कोणीच विचारला नव्हता. इंजिन बंद पडले तर गाडी उभी राहील. ती मागे का गेली? मागे जाऊ नये म्हणून तर ब्रेक असतो.

मला गाड्यांतले इतके कसे कळते, याचेही उत्तर देते. नोकरीच्या सुरुवातीला एका वरिष्ठांशी माझे पटले नाही. त्यांनी मला धडा शिकवायचा म्हणून मोटार परिवहन विभागात पाठवले. "बसा ग्रीस मोजत," असे त्यांचे शब्द. मी तीन वर्षे ग्रीस मोजले. शिवाय तिथल्या प्रत्येक हवालदाराला, हे काय, हे कशाला, हे आधी की ते आधी, असे विचारून सहा वह्या भरल्या. त्या वरिष्ठांची मी आजही ऋणी आहे. त्यांना ते आवडणार नाही.

आरोपीला मी तुरुंगात जाऊन भेटले. तो चाळिशीचा, पावरा समाजाचा. सुरतेला पंधरा वर्षे गॅरेजांत काम करून परत आलेला. हेडच्या कामात इतका नावाजलेला की बाजारात त्याला 'हेडमास्तर' म्हणत. आता तेच नाव हसण्यावारी गेले होते. मी आरोपीला 'तुम्ही' म्हणते. खात्यात हे काहींना रुचत नसे.

"तुम्ही काय काय केलं ते क्रमाने सांगा," मी म्हणाले. "काहीच गाळू नका."

"सगळं?" त्याने विचारले. "साहेबांनी आधी फक्त एवढंच विचारलं, चूक कबूल आहे का."

"मी ते विचारलेलं नाही."

मग तो बोलू लागला. हेड नंदुरबारला लेथवर सपाट करून आणले. व्हॉल्व्ह घासून बसवले, वरून घासलेट ओतून पाहिले, थेंब उतरला नाही. पॅकिंग नवी, तळोद्याच्या बाजारातून आणलेली. बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळले. इंजिन तापवले, थंड होऊ दिले, पुन्हा आवळले. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, जुळवली. मी त्याला मध्येच तोडून तीन पावले मागे नेले, पुन्हा सांगायला लावले. क्रम हलला नाही.

माझा अनुभव सांगते. हाताने काम केलेला माणूस क्रम चुकत नाही, शब्द चुकतो. खोटे बोलणाऱ्याचे उलटे असते. त्याचे शब्द गुळगुळीत असतात आणि तो शेवट आधी सांगून टाकतो.

"अजून एक होतं, मॅडम," तो उठता उठता म्हणाला. "गाडी न्यायला आले तेव्हा मी म्हटलं, मागचे ब्रेक बघू द्या, पॅडल खाली जातंय. मालक म्हणाला, 'तू हेडमास्तर ना? मग हेडचं बघ. पायाचं आम्ही बघू.' सगळे हसले. मीपण हसलो."

याला साक्षीदार कोण, असे विचारले तर म्हणाला, हसणारे सगळे मालकाचेच होते.

खबर मिळाली ती ठाण्याच्या फाटकासमोरून. तिथे एक मावशी चहाची टपरी चालवत. पंचवीस वर्षे एकाच जागी बसलेल्या त्या बाईला ठाण्यातली प्रत्येक गाडी आवाजावरून ओळखता येई. साहेबांची जीप वळणावर असतानाच त्या शिपायांना बिड्या विझवायला सांगत. मला कागद घेऊन जाता-येताना पाहत त्यांनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी कप पुढे करत आपल्या अहिराणीत म्हणाल्या,

"ताई, एक इचारू का? ती जीप आनी ना, तवय तिन्हा आवाज मी आयकेल शे. शिलाई मशीनसारखी चालनी व्हती. मंग ते साहेब तपासाले उनात तवय दमेकरी बाईसारखी खोकी ऱ्हायनी व्हती."

"नक्की तीच गाडी?"

"मन्हा कान म्हतारा नही जायेल," त्या म्हणाल्या. "अकरा दिन ती भितकडे तोंड करीसन उभी. कोनी हात लावा नही म्हनतस. मंग उभी उभी कशी बिघडनी?"

मी चहा अर्धा टाकून उठले. जीप घटनास्थळावरून ठाण्यात कशी आली, हे पंचनाम्यात नव्हते. नुसते 'वाहन ठाण्यात आणले' असे होते. ओढून आणले की चालवत? त्या दिवसाच्या ड्युटीच्या यादीत आमच्या ड्रायव्हर शिपायाचे नाव सापडले. आता तो मुख्यालयात होता. फोन केला.

"मीच आणली, मॅडम," तो म्हणाला. "हँडब्रेकची केबलच नव्हती. पॅडल तीनदा मारलं तर कुठे लागायचं. अख्खा घाट पहिल्या गियरवर उतरवली. इंजिन मात्र एकदम गोल होतं, आवाज असा की झोप यावी."

"हे कोणाला सांगितलं नाही?"

"विचारलं कोणी?"

म्हणजे इंजिन अपघाताच्या दिवशी ठीक होते आणि अकरा दिवसांनी बिघडलेले होते. मधले अकरा दिवस ते आमच्या ताब्यात होते. हे वाक्य वहीत लिहून मी मुख्यालयाकडे मेकॅनिक हवालदार मागितला.

तर तो मंगळवार. परिवहन विभागाचे मेकॅनिक हवालदार आले. मूळचे ब्राह्मणपुरीचे, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. माझ्या सहा वह्यांतल्या दोन त्यांच्याच बोलण्याने भरलेल्या. त्यांनी जीप चालू केली. ती हलत होती, धडधडत होती, मागून पांढरा धूर निघत होता. पंच दोन पावले मागे सरले.

चार सिलिंडरपैकी कोणता काम करत नाही, हे ओळखायची रीत सोपी आहे. प्रत्येक सिलिंडरला डिझेलचा एक बारीक पाइप जातो. इंजिन चालू ठेवून एकेका पाइपाचा नट थोडा सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचे डिझेल तुटते. इंजिन आणखी दबले तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तो आधीच मेलेला. मी चौकशीतही हेच करत आले. सगळ्यांना एकत्र बसवून गोंगाट ऐकण्यापेक्षा एकेकाला बाजूला काढून पाहायचे, कोणाच्या नसण्याने गोष्ट बदलते.

उस्तादांनी एक नंबरचा नट सैल केला. इंजिन बंद पडायला आले. दोन नंबर: काही नाही. तीन नंबर: काही नाही. चार नंबर: पुन्हा दबले.

"मॅडम," उस्ताद पाना पुसत म्हणाले, "दोघं काम करतायत, दोघं नुसती हजेरी लावून बसलीत. आपल्याच खात्याचं इंजिन दिसतंय."

निवृत्त शिक्षक हसले. मुद्देमालाचे हवालदार हसले नाहीत.

शेजारचे दोन सिलिंडर मेले की कोणीही पॅकिंगवर संशय घेईल. मोटार वाहन निरीक्षकांनी तोच घेतला होता आणि त्यांना मी दोष देत नाही. पण संशयाच्या पुढची एक पायरी बाकी होती. उस्तादांनी डिझेल फवारणारी नोझल काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. पॅकिंग फुटली असती तर दोन आणि तीनचा दाब पडला असता. चारही दाब जवळजवळ सारखे निघाले. पॅकिंग शाबूत होती. व्हॉल्व्ह शाबूत होते. हेडमास्तरचे काम खणखणीत होते.

"मग डिझेल येत नसेल?" मी विचारले.

"येतंय की. पण वेळेवर येत नाही." उस्ताद वाकले, बॅटरी मारली आणि तसेच वाकून राहिले. मग मला हाताने बोलावले. मधले दोन पाइप एकमेकांच्या जागी होते. दोनचे डिझेल तीनला जात होते, तीनचे दोनला. दोघांनाही चुकीच्या वेळी मिळत होते, ते जळत नव्हते आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडत होते. कारखान्यातून हे पाइप ठरावीक वळण देऊन येतात, दुसऱ्याच्या जागी सहज बसत नाहीत. हे दोन्ही हाताने वाकवलेले होते. नटांवर पान्याच्या ताज्या खुणा होत्या.

पंचांच्या समोर मी ते लिहून घेतले. मग उस्तादांना मागची चाके उघडायला सांगितली. मागच्या ब्रेकला तेल नेणारी लाइन हातोड्याने ठोकून चपटी केलेली होती. मागच्या चाकांना ब्रेकच नव्हता. गळणारी लाइन दुरुस्त न करता बंद करून टाकायची आणि पुढच्या दोन चाकांवर गाडी चालवत राहायची, ही युक्ती मी आधीही पाहिली होती. सपाटीला निभावते. माणसांनी भरलेली गाडी चढावर असते तेव्हा सगळे वजन मागे असते.

मी दुपारी मुद्देमालाच्या खोलीत गेले. तिथल्या हवालदारांना सगळे ठाणे नाना म्हणे, मीही. वय सत्तावन्न. त्यांची खोली म्हणजे ठाण्यातली सर्वांत नीट जागा. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीला दोरा. त्यांच्याकडूनच मी काही सवयी घेतल्या होत्या, म्हणून तो दरवाजा ओलांडणे मला सोपे नव्हते.

"नाना, प्रश्न एकच आहे. पाइप कोणी काढले?"

"मन्ही बत्तीस वरीसनी नोकरी शे, ताई." ते कपाटाकडे पाहत होते.

"ते मला माहीत आहे. पाइप कोणी काढले?"

"काय चोर समजतस का तुम्ही माले?"

"चोराने काढले असते तर परत लावले नसते."

यावर ते स्टुलावर बसले. हळूहळू सांगितले ते असे. काही वर्षांपूर्वी सगळे ठाणे सारंगखेड्याच्या यात्रेला बंदोबस्तावर गेले असताना जप्तीतला एक टेम्पो मालकाने आवारातून चालू करून नेला. चौकशी नानांची झाली. त्यानंतर त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली. जप्तीत आलेल्या प्रत्येक डिझेल गाडीचे मधले दोन पाइप काढायचे, गोणपाटात गुंडाळून खोलीत ठेवायचे आणि तपासणीच्या सकाळी परत लावायचे. त्यानंतर एकही गाडी आवारातून गेली नाही. साहेब लोक येत-जात राहिले, पद्धत चालू राहिली. ती कोणत्याही कागदावर नव्हती.

"या वेळी काय झालं?"

"गाडी भितकडे तोंड करीसन व्हती. पुढून हात जाये ना. आडवा पडीसन लावात. बसतच नव्हतात ते, ताई. मंग जरासा वाकाडी दिन्हात मी."

सत्तावन्न वर्षांच्या माणसाने मान खाली घातलेली पाहणे मला आवडत नाही. पण त्याच क्षणी मला ते सात जबाब आठवले. त्यातले वाक्यही कोणाच्या तोंडात बसत नव्हते, म्हणून कोणीतरी जरासे वाकवून बसवले होते. नानांनी निदान ते कबूल केले.

चार वाजता निरीक्षक साहेबांनी मला बोलावले. त्यांना सगळे आधीच कळले होते.

"बसा. ब्रेकचं सापडलं, छान झालं. मालकावर घ्या, ड्रायव्हरवर घ्या, माझी हरकत नाही. मेकॅनिकही सुटेल. पण ते पाइपांचं काय लिहून ठेवलंय?"

"जे दिसलं ते, साहेब."

"ते फाडा. पाइप सरळ लावा, तपासणी नव्याने मागवा. नानांना निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. कोणाचं काय जातं?"

हा सल्ला वाईट माणसाचा नव्हता, हे मी आजही म्हणते. त्यात नाना वाचत होते, ठाणे वाचत होते, मेकॅनिक सुटत होता. मी वहीत पाहिले. उत्तर तिथे आधीच लिहिलेले होते.

"पहिला अहवाल फाईलमध्ये आहे, साहेब. दोन सिलिंडर मेलेले, असा. उद्या नवा अहवाल येईल की चारही जिवंत. मालकाचा वकील दोन्ही कागद हातात धरून विचारेल, मधल्या काळात पोलिसांनी इंजिन कोणासाठी दुरुस्त केलं? तो मेकॅनिक पुन्हा आत. आणि आत नाही गेला तरी बाजारात तो जन्मभर इंजिन बिघडवणाराच राहणार. त्याचं इंजिन आपण बिघडवलं. ते आपणच लिहायला पाहिजे."

"आपल्याच ठाण्याविरुद्ध आपल्याच स्टेशन डायरीत नोंद? मॅडम, कुठल्या देशात नोकरी करता तुम्ही?"

"याच, साहेब."

"बदली होईल."

"माझी बॅग नेहमी भरलेली असते. आत काय आहे त्याची यादीपण आहे."

ते हसले नाहीत. मी उठले, ठाणे अंमलदाराकडून डायरी मागितली आणि त्याच टेबलावर बसून नोंद केली. नऊ ओळी. विशेषण एकही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांचा जबाब घ्यायला गेले, तर ते गणवेशात, टोपी घालून उभे होते. हातात दोन पाने.

"लिखेल शे," ते म्हणाले. "देखी ल्या." मग माझ्याकडे न पाहता पुढे, "तुमनासाठे नही लिखं. तो मानूस आठे ठाण्यात व्हता तवय रोज सकाये माले 'राम राम नाना' म्हनी ऱ्हायना व्हता."

त्यांच्या मुद्देमालाच्या यादीने आणखी एक गोष्ट दिली. अनुक्रमांक सहा: 'काळा दगड एक, घटनास्थळी मयताजवळ मिळालेला, एका बाजूस टायर घासल्याची खूण.' स्वतः काढलेले पाइप नानांनी कुठेच लिहिले नव्हते, पण हा दगड उचलून आणून, चिठ्ठी बांधून लिहिला होता.

मी महिला शिपायाला घेऊन जखमींच्या गावी गेले. ती त्यांच्याच बोलीत वाढलेली. एकेकाला वेगळे बसवले आणि अपघाताबद्दल न विचारता फक्त दगडाबद्दल विचारले. सगळ्यांना आश्चर्य वाटले की पोलिसांना हे माहीत नाही. त्या रस्त्यावर प्रत्येक जीपमध्ये मागे पायाशी एक दगड असतो. चढावर माणसे घ्यायला जीप थांबली की मागे बसलेला कोणीतरी उतरून तो चाकामागे लावतो. निघताना काढतो आणि पळत येऊन चढतो. त्या दिवशी ते काम त्या बाईकडे होते. वळणावर दोघे जण चढले, ड्रायव्हरने "काढ" म्हणून हाक मारली, तिने दगड काढला आणि जीप पुढे न जाता मागे आली. इंजिन चालू होते. दगड तिच्या हातात होता.

हे आधी का सांगितले नाही, असे मी एका म्हाताऱ्याला विचारले. महिला शिपायाने त्याचे उत्तर मला मराठीत सांगितले: "ते म्हणतात, साहेबांनी गाडीचं विचारलं. दगड तर रोजचाच."

शेवटी मालक. तो आमच्यासमोर पाय पसरून बसला. चपट्या लाइनचा फोटो दाखवला तेव्हाही त्याचा आवाज चढला नाही.

"मागचं गळत होतं. पुढचे ब्रेक होते ना."

"आणि हँडब्रेक?"

"हँडब्रेक कसाले लागस?" तो म्हणाला. "दगड ऱ्हास ना गाडीमा."

मी ते वाक्य त्याच्याच शब्दांत लिहिले आणि त्याच्यासमोर मोठ्याने वाचले. तेव्हा त्याने पाय जवळ घेतले.

पुढचे थोडक्यात. मेकॅनिकविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात दिला, तो सुटला. मालक आणि ड्रायव्हर यांच्यावर दोषारोपपत्र गेले. खटला अजून उभा आहे. नानांची एक वेतनवाढ रोखली गेली. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला मला बोलावणे नव्हते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी बदली तीन आठवड्यांत झाली. जप्त वाहनाचा कोणताही भाग काढला तर त्याची नोंद झालीच पाहिजे, असा प्रस्ताव मी जाण्याआधी वर पाठवला. त्यावर 'पाहिले' एवढा शेरा आला.

खात्याची अब्रू मी घालवली, असे अजूनही काही जण म्हणतात. म्हणोत. ज्या अब्रूला टिकायला एक निर्दोष माणूस तुरुंगात ठेवावा लागतो, ती सांभाळण्याचा पगार मी घेत नव्हते. या प्रकरणाने मला शिकवले ते इतकेच. पुरावा हातात आला की आधी विचारावे, याला माझ्या आधी कोणाकोणाचे हात लागले. आणि त्या हातांच्या यादीत स्वतःच्या घरातले हात पहिले लिहावेत.

एक गोष्ट राहिली आहे. सुटल्यावर मेकॅनिक मला भेटायला आला होता. गॅरेज उघडले होते, पण हेडचे काम कोणी देत नव्हते. लोकांनी आवारात ते इंजिन खोकताना ऐकले होते. न्यायालयाचा कागद कोणी ऐकला नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे. पाइप मी सरळ करतो. फाटक उघडं ठेवा, लोकांना येऊ द्या आणि एकदा चालू करू द्या. मला दुसरं काही नको."

जीप न्यायालयाचा मुद्देमाल आहे, तिला हात लावायला परवानगी लागते. मी अर्ज लिहून दिला. मालकाच्या वकिलाने हरकत घेतली, तारीख पडली, मग आणखी तारखा पडल्या. मी निवृत्त झाले, तरी तारखेला जाते. मावशी अजून टपरीवर आहेत आणि दर वेळी विचारतात, "चालू व्हई का नही?" जीप अजून तिथेच आहे, तोंड भिंतीकडे, टायर बसलेले, मधले दोन पाइप एकमेकांच्या जागी.

वहीत या गुन्ह्याच्या पानावर चौदा कामे आहेत. तेरांपुढे खूण आहे. क्रमांक चौदा: दोन आणि तीनचे पाइप जागेवर लावून, फाटक उघडे ठेवून, गाडी एकदा चारही सिलिंडरवर चालू करणे. बाकी.